कासवांचा ओंडका

"ढकल गं, जोर लाव! कुणी यायच्या आत पाण्यात गेला पाहिजे."

भल्या पहाटे ऐकलेला तो आवाज अजून माझ्या सालीत आहे. मित्रांनो, मी एक जुना ओंडका आहे. एकवीस वर्षं अभयारण्याच्या तळ्यात आडवा पडून आहे, आणि खरं सांगतो, माणसांना पुरता विटलो आहे.

मी याच काठावरचं झाड. वादळात उन्मळलो, तेव्हा माझी बाकं करायचं ठरलं. काठ दगडांनी बांधून काढल्यापासून कासवांना उन्हात बसायला वीतभर जागा उरली नव्हती. तळ्याचा राखणदार त्यासाठी हळहळत असे. त्याची बायको म्हणाली, "माणसांना बसायला ढीग जागा आहे. चला, उठा." दोघांनी पहारी लावून मला गडगडत नेलं. पाण्यात सोडताना ती गुणगुणली,

जा रे झाडदादा, तळ्याच्या घरी,
खाली गार पाणी, पाहुणे वरी.

राखणदाराने नोंदवहीत लिहिलं, "ओंडका वादळात आपोआप पाण्यात पडला." वादळ शमून तीन दिवस झाले होते! पण विचारतो कोण?

नवव्या दिवशी पहिली पाहुणी आली. कवचाचा कोपरा उडालेली एक थोरली कासवी. नखं रोवत वर चढली, मागचे पाय ताणले आणि डोळे मिटले. मग बाकीची आली. जागा कमी पडली की एकावर एक, अशी उतरंड रचायची. अंगाला ऊन लागलं नाही तर कासवाला खाल्लेलं पचत नाही, मित्रांनो. ते आळस म्हणून बसत नाही.

हे माणसांना कोण सांगणार?

"अगं, हलतच नाहीत! प्लास्टिकची असतील."

"टाळी वाजव, टाळी!"

"हा घे खडा. छोटासाच मार."

डुबुक, डुबुक, डुबुक! सगळी पाण्यात. माणसं खूश होऊन निघून जातात आणि माझी थोरली अर्धा तास पाण्यात गारठून बसते. दिवसातून पाच-सहा वेळा हाच तमाशा! खड्यांनी माझी पाठ देवी आल्यासारखी झाली आहे. एकदा कॅलेंडरवर आमचा फोटो आला. कासवं छापली, मला खालून कापलं.

मग अभयारण्यावर नव्या अधिकारी मॅडम आल्या. त्यांनी तळ्यात हिरव्या फरशीचा गुळगुळीत चौथरा बांधला. चार महिन्यांत त्यावर एकही कासव टिकलं नाही. चढलं की घसरलं. मॅडमनी निष्कर्ष काढला, "हा ओंडका आहे म्हणून ती चौथऱ्यावर जात नाहीत. ओंडका काढा."

काय बोलावं!

माझ्या अंगाला दोर आवळला. राखणदार काठावर उभा होता. निवृत्तीला दोनच महिने उरलेले. तो चाचरत म्हणाला, "मॅडम, राहू द्या ना. कासवांचा आहे तो."

मॅडमनी जुनी नोंदवही उघडली. "तुमचंच अक्षर आहे ना? आपोआप पडलेला. आपोआप पडलेलं सगळं गाळात धरतात, आणि गाळ काढायचाच असतो. मुद्दाम ठेवलेलं असतं, तर मला विचार करावा लागला असता."

दोर ताणला गेला. माझं बूड चिखलातून सुटलं. थोरली तरी उतरेना. पाठीत नखं रोवून तशीच बसून राहिली. मित्रांनो, पाण्याकाठी गेलात तर नुसतं गप्प उभं राहायला शिका. तुम्हाला जे हलत नाही असं वाटतं, ते कधी कधी जिवाच्या आकांताने धरून बसलेलं असतं.

राखणदाराची बायको डबा घेऊन आली होती. तिने डबा खाली ठेवला. "अहो, एकवीस वर्षं गिळून बसलात. आता तरी तोंड उघडा."

राखणदाराने टोपी काढली.

"मॅडम, तो पडला नाही. मी ढकलला. मुद्दाम. वहीत खोटं लिहिलं."

"मी काय म्हणता?" ती म्हणाली. "आम्ही म्हणा."