जावेनं टाकलेली राख

लढाई संपली त्या साली आमच्या वाटण्या झाल्या. थोरले दीर आप्पासो यांनी बैलगाडी आन् गुऱ्हाळ ठेवलं. दोघा भावांनी मळ्यातच शेजारी शेजारी घरं काढली. माती काळी, पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी. घराच्या पायात मुरूम घालायचा तर गाडी त्यांची. मागितली तर माझी जाऊ मनुबाई म्हणली, "बैलं दमल्याती." दमली व्हय! खाऊन खाऊन दमली आसतील. मला सातवा म्हैना, पावसाच्या आत माझं छप्पर पायजे हुतं.

वर ही बया रोज सकाळी गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख पाटी भरून आणायची आन् आमच्या पायाच्या चरात वतायची. संगट फुटक्या कौलांचा चुरा, रसात घालून उरल्याला चुना. "राख व्हवू दे तुझ्या घराची!" म्हणून हात झाडायची. लोकं पायात हळदकुंकू घालत्यात, हिनं माझ्यात उकिरडा घातला. माझ्या अंगाची लाही व्हायची.

माझा मालक नाथाजी निव्वळ मेणाचा. "भांडू नगंस. फुकट भर पडतीया," म्हणायचा आन् ती राख काळ्या मातीत कालवून, पाणी शिपडून धुम्मसानं चोपायचा. मी रडत बघायची.

आप्पासोंनी गाडी आसून मुरूम आणला न्हाई. आपल्या सोन्यासारख्या रानात दुसऱ्याच्या माळाचं गोटं कशाला, म्हणं! पूजा घालून, नारळ फोडून बांधल्यालं त्यांचं घर आषाढात चिरलं, श्रावणात भिंत पडली. आमचं राखंवरचं घर हललंसुदीक न्हाई. मला लय आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण भर पावसात मनुबाई लेकरं घेऊन दारात आली. घेतली आत. माझं बाळंतपण तिनंच केलं, कुरकुरत केलं.

दिवाळीनंतर त्यांनी नवा पाया खणला. मनुबाईनं राखंची पाटी माझ्यापुढं ठेवली.

"राही, तू टाक."

"आवं आक्का, तुमचा पाया, तुमीच टाका की. राख कुणी बी टाकली तरी राखच."

"न्हाई गं. मी शिव्या देऊन टाकली म्हणून तुला लागू झाली. तू बी मनापासनं दे. चांगली सणसणीत दे."

मी पाटी उचलली. वरीसभर साठवल्याल्या शिव्या हुत्या की माझ्याकडं! तोंड उघडून तिच्याकडं बघितलं, तर माझं बाळ तिच्या कडंवर झोपल्यालं. एक शिवी फुटंना.

मनुबाई कावली. "आगं, दे की! माझं घर पाडतीस का काय?"