काजळगुहेला जागा देणारा आकाशपाळणा

मित्रांनो, मलकापूरच्या अलीकडे महामार्गालगत जी करमणुकीची बाग आहे, तेथे तुमच्यापैकी काहींनी मला पाहिले असेल. इतरांसाठी ओळख सांगतो. मी लोखंडी आकाशपाळणा आहे. वय झाले आहे, रंगाचे थर अंगावर बरेच चढले आहेत, पण माझा कणा सरळ आहे. बागेवरून एकदा भावाबहिणींत मोठा वाद झाला आणि तो माझ्यातच बसून मिटला. ती हकीकत मी आज सांगणार आहे. मात्र ती समजण्यासाठी माझे पूर्वायुष्य थोडेसे ठाऊक असावे लागेल.

मला माणिकरावांनी घडवले. सरकारी तंत्रशाळेतून फिटरचे शिक्षण घेऊन ते नुकतेच बाहेर पडले होते. मलकापुरात कापसाचा व्यापार मोठा असल्याने जुन्या जिनिंग यंत्रांचे भाग तेथे सहज मिळत. माझा मुख्य आस अशाच एका यंत्राचा शाफ्ट आहे. बाकीचे अंग अँगल आणि पट्ट्यांचे. माणिकरावांनी प्रत्येक पट्टीला भोक पाडताना आधी खडूने खूण केली, मग पंच मारला, आणि मगच ड्रिल लावले. घाई त्यांच्या स्वभावात नव्हती. त्यांच्या पत्नी केसरबाई यांनी पाळण्यांना पिवळा आणि निळा रंग दिला.

त्यानंतर अनेक वर्षे आम्ही जत्रा-बाजार केले. कधी डोणगाव, कधी बीबी. बैलगाडीतून, पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माझे सुटे भाग गावात येत, मैदानावर मी उभा राही आणि जत्रा सरली की पुन्हा सुटा होई. चौदा एप्रिलला जयंतीच्या दिवशी माणिकराव गावातील सगळ्या मुलांना फुकट फिरवीत. रांग इतकी लांब असे की केसरबाईंना भाकरी उभ्यानेच खावी लागे.

हाताने फिरणाऱ्या पाळण्याचे एक शास्त्र आहे. समोरासमोरच्या पाळण्यांत सारखे वजन असावे लागते. नाहीतर जड बाजू खाली येऊन बसते आणि फिरवणाऱ्याचे खांदे मोडतात. म्हणून खालचा पाळणा भरला की मला अर्धा वळसा देऊन समोरचा भरावा लागे. तोवर आधी बसलेला माणूस अगदी वर अडकून राही. तेथे त्याला दुसरे काही काम नसल्यामुळे तो बोलू लागे, आणि खालच्याने कितीही ओरडून उत्तर दिले तरी गर्दीत ते वर पोहोचत नसे. यातूनच माणिकरावांनी एक रीत पाडली. ज्यांचे भांडण असेल त्यांना ते समोरासमोर बसवीत. वरच्याने बोलायचे, खालच्याने ऐकायचे. मग अर्धा वळसा. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणारे शेजारी, रुसलेले नवरा-बायको, अशा कित्येकांना मी वरखाली केले. सगळ्यांचे मिटलेच असे नाही. पण एकमेकांचे पूर्ण ऐकून ते उतरत, हे मी स्वतः पाहिले आहे.

पुढे विजेवर चालणारे, दिव्यांनी लखलखणारे उंच पाळणे आले आणि जत्रांत मला कोणी विचारीना. दोन पावसाळे मी माणिकरावांच्या अंगणात ताडपत्रीखाली काढले. त्याच सुमारास महादेवराव नावाच्या भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी महामार्गालगतच्या शेतात मुलांसाठी बाग उभी केली. त्यांनी मला तेथे नेले. माझ्या पायांना काँक्रीट मिळाले, आसाशेजारी एक लहान मोटार बसली, आणि मला चालवण्याचे काम माणिकरावांची नात समता हिच्याकडे आले. माणिकराव रोज संध्याकाळी येऊन बाकावर बसत आणि माझ्या बेअरिंगचा आवाज ऐकत. समता फार कमी बोलणारी. पण ग्रीसचा डबा तिने कधी रिकामा राहू दिला नाही.

आता बाग महादेवरावांची मुले पाहतात. थोरली योगिनी, धाकटा गोपाल. गेल्या हिवाळ्यात त्यांनी ठरवले की बागेचा एक भाग एखाद्या चित्रपटमालिकेवर उभारायचा. एका वितरकाकडे तीन मालिकांचे हक्क होते आणि तो त्यांतील एकीचीच परवानगी देणार होता. पहिली ‘तारकायान’, अंतराळप्रवासाची. दुसरी ‘काजळगुहा’, भुते आणि विनोद असलेली. तिसरी ‘बंबूराव’, बोलणाऱ्या अग्निबंबाची. बंबूरावाला महादेवरावांचे मत होते, कारण त्यात पाण्याच्या फवाऱ्यांची धमाल आहे. परंतु उन्हाळ्यात झाडांनाच पाणी टँकरने आणावे लागते, हे त्यांच्या मुलांनी त्यांना समजावले. तेही हसून बाजूला झाले. उरल्या दोन.

गोपालला तारकायान हवे होते आणि योगिनीला काजळगुहा. मित्रांनो, या वादात माझा जीव अडकला होता, हे आता स्पष्ट सांगतो. तारकायान ठरले तर मी जागच्या जागी राहणार होतो. मला पांढरा रंग देऊन यान बनवायचे होते. काजळगुहा ठरली तर तिची बंदिस्त इमारत मी उभा होतो तेथेच येणार होती, कारण पलीकडे विहीर आणि अलीकडे रस्ता. ठेकेदाराने सांगून ठेवले होते की गॅस कटरवाला एका दुपारीत मला कापून भंगारात देईल. मी कोणाच्या बाजूने होतो, हे वेगळे सांगायला नको. समताही त्याच बाजूने असणार, असे बागेतील प्रत्येकाने गृहीत धरले होते.

घरात, शेतात, मोबाइलवर वाद चालूच राहिला. दोघेही एकाच वेळी बोलत, त्यामुळे एकाचेही दुसऱ्याच्या कानी पडत नसे. अखेर महादेवरावांनी माणिकरावांना गळ घातली. माणिकरावांनी माझी मोटार बंद केली, हाताचे हँडल चढवले आणि भावाबहिणीला समोरासमोर बसवले.

आधी गोपाल वर गेला. तो म्हणाला की गोष्ट जिथे पुढे चालू राहते, तिथेच मुले पुन्हा पुन्हा येतात. तारकायानचे चार भाग आले आहेत, पाचवा येतो आहे. काजळगुहेतले भूत तर तिसऱ्या भागातच सुधारले आणि गोष्ट संपली. मग माझ्या पट्टीवर थाप मारून तो म्हणाला, “अन् हा झुला पाडाच लागत नाही ना ताई. पांढरा रंग देऊ, मधात निळे लाईट लावू, झालं यान. थ्या गुहेत काय हाय? अंधार. अंधार तं लाईट गेल्यावर घरीच फुकट भेटते.”

खाली बसलेल्या योगिनीने तोंड उघडले, पण माणिकरावांनी हात वर केला. तिने ओठ मिटले. मग मला अर्धा वळसा मिळाला.

योगिनी वर पोहोचली तेव्हा ऊन अजून कलले नव्हते. तिने पदर डोक्यावर ओढला आणि बराच वेळ बागेकडे पाहिले. तिचे म्हणणे असे होते की चित्रपट किती चालला याला महत्त्व नाही; त्याची गोष्ट ज्या हवेत घडते ती हवा आपल्याकडे देता येते का, हे पाहावे. “चैतापासून आपली बाग दुपारभर रिकामी राह्यते गोपाल. तुह्या यानात वैशाखात कोण बसन? भाकरीचा तवा होते त्याचा. गुहेत गारवा राहीन. पोरं भुताले भ्यायले येतीन, मायबाप गारव्याले येतीन.”

“काही तवा-गिवा होत नाही,” खालून गोपाल म्हणालाच.

“गोपालभाऊ,” माणिकराव शांतपणे म्हणाले, “तुमी खाली हा.”

सगळे हसले. आपली पाळी आल्यावर वर गेलेल्या गोपालला एक युक्ती सुचली. तो म्हणाला, “समताले इचारा ना. झुला तीच चालवते. तिच्यापेक्षा कोणाले जास्त माहीत हाय?”

रीतीप्रमाणे समतालाही वर जावे लागले. योगिनी आणि गोपाल उतरले. समता अंगाने हलकी. तिच्या समोरच्या पाळण्यात माणिकरावांनी सरकीचे अर्धे पोते ठेवले आणि तिला हळूहळू वर नेले. मला वाटले, आता मी वाचलो. तिने एक शब्द बोलायचा होता, आणि तो कोणी मध्येच तोडणार नव्हते.

तिने तळहात बसायच्या पट्टीवर ठेवला आणि लगेच उचलून घेतला.

“दुपारी मी पोराईले बसूच देत नाही,” ती म्हणाली. “आता फागुन हाय तं असं तापलं. रंग देल्यानं लोखंड गार होत नाही गोपालदादा. ताई बरोबर बोलून राह्यली. गुहाच बरी.” मग वरूनच तिने हाक मारली. “आबा, मले खाली घ्या.”

माणिकरावांनी हँडल फिरवले. त्या वळशाएवढा जड वळसा मी कधी घेतला नाही, जरी वजन अगदी बरोबर तोललेले होते. मला वाईट वाटले, हे खरे. परंतु तिने चूक सांगितले असते आणि एखाद्या लेकराची पोटरी माझ्यावर भाजली असती, तर मला अधिक वाईट वाटले असते.

गोपालने पुन्हा वाद घातला नाही; काजळगुहा ठरली. समताने एवढेच मागितले की मला कापू नये, खोलू द्यावे. ठेकेदाराची घाई होती; तरी योगिनीने हो म्हटले. मात्र एखादा भाग निघालाच नाही तर तो कापायचा, असेही ठरले.

ठरलेल्या दिवशी कटरवाला सिलिंडर घेऊन सावलीत बसला आणि आजोबा-नात कामाला लागले. ग्रीस मिळालेले नट एकेक करून सुटत गेले. पाळणे उतरले, पट्ट्या उतरल्या. अडला तो एकच, आसाच्या टोपीचा, म्हणजे आस धरून ठेवणाऱ्या झाकणाचा. मोटार बसवल्यापासून तो तिच्या मागे झाकला गेला होता आणि तेथे कोणाचाही हात पोहोचला नव्हता. गंजून तो टोपीशी एकजीव झाला होता. तो निघाला नाही तर आस कापावा लागणार होता, आणि आस गेला की मागे केवळ लोखंड उरते.

माणिकरावांनी त्यावर डिझेल सोडले, हातोडीने चारी बाजूंनी अगदी हलके ठोके दिले, पुन्हा डिझेल सोडले. मग पाना खाली ठेवून बाकावर बसले.

“किती येळ, काकाजी?” गोपालने विचारले. ठेकेदाराचा फोन त्याच्या खिशात वाजत होता.

“थे नट सांगन. बसा.”

गोपालने फोन बंद केला आणि बसला. चहा आला, संपला. कटरवाला डुलकी घेऊ लागला. मग कोणी न सांगता गोपालच उठला. त्याने पाना लावला, आणि झटका न देता, श्वास रोखून, सगळे अंग त्यावर रेलले. नट करकरला. केसभर हलला. त्याने पुन्हा डिझेल घातले, पुन्हा रेलला. नट सुटून त्याच्या तळहातावर आला, तेव्हा त्याने तो सदऱ्याला पुसून समताच्या हातात दिला आणि कटरवाल्याला हलवून जागे केले. “जा भाऊ घरी. काम नाही आता.”

काजळगुहा उघडली आहे. भर उन्हात तेथे रांग लागते. दुपारी तिचे दिवे समताच सांभाळते, आणि आत मुले किंचाळून बाहेर हसत येतात असे ती मला भेटायला आली की सांगते. मला आनंद होतो. माणिकरावांनी मला पुन्हा जोडले असून मी आता बीबीच्या बाजारमैदानावर उभा आहे आणि फक्त ऊन उतरल्यावर फिरतो. परवाच माणिकरावांनी येथे सासू-सुनेला समोरासमोर बसवले.

मित्रांनो, जुन्या वस्तूने नव्याला जागा देऊ नये, असे मी कधीही म्हणणार नाही. तुमच्या घरीही असे काही असेल: आजीचे शिवणयंत्र, एखादी सायकल, न उघडणारे कुलूप. ते जागेवरून हलवायची वेळ येईल तेव्हा अवश्य हलवा. मात्र तोडायला हात उचलण्यापूर्वी त्यात थोडे तेल घाला आणि जरा वेळ शेजारी बसा.