चालत न आलेल्या लेकरांचं वजन

मी देवीच्या देवळातला तराजू बोलतोय. देवीवर माझी पूर्ण श्रद्धा आहे. माणसांवर मात्र माझा पटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

हा संशय मी बाजारात शिकलो. शेलूबाजारच्या सुतारानं माझी सागवानी दांडी घडवली, लोहारानं साखळ्या ओवल्या आणि मी दौलतराव व्यापाऱ्याच्या दुकानात कापूस तोलायला लागलो. बैलगाडीत वर पांढराशुभ्र कापूस असायचा आणि खाली पिवळा, दमट. दौलतराव वरची मूठ हातात घ्यायचे अन् अख्ख्या गाडीचा भाव बोलायचे. मी आपला मनात म्हणायचो, वरचं दिसलं, खालचं कुठं आहे?

पुढं दौलतरावांचा मुलगा मोठ्या दुखण्यातून उठला. त्यांनी नवस फेडायला मलाच या गावच्या देवीला वाहिलं.

इथली रीत मोठी गोड. लेकरू चालायला लागलं की जत्रेला आणायचं, एका पारड्यात त्याला बसवायचं, दुसऱ्यात तेवढाच गूळ ठेवायचा, आणि तो गूळ गावाला वाटायचा. गूळ ठेवायचा मान भागिरथाबाईचा. सोमवार, शुक्रवार, चतुर्थी, तिचं एकही व्रत चुकत नसे. लेकराचं पारडं टेकलं की ती हात जोडून म्हणायची, "पाहा, माय कोणालेच उपाशी ठेवत नाही!"

मला बरं वाटायचं. पण जुना बाजारी स्वभाव! गूळ वाटून झाला की मनात यायचं, चालणारी लेकरं आली. जी चालत नाहीत ती कशी येतील?

सन शहात्तरच्या जत्रेला तालुक्याहून पाहणी आली. पंजाबराव साहेब आणि अंजनाबाई नर्स. गावात लेकरं अशक्त दिसली तर दुधाचं केंद्र मिळणार होतं. त्या वर्षी नसबंदीच्या ऑपरेशनची इतकी धास्ती होती की लेकरं मोजणारं कुणी दिसलं की दारं लागायची. म्हणून साहेबांनी सोपी वाट काढली. जत्रेत लेकरं येतातच, तिथंच तोलू.

गुळाच्या जागी लोखंडी वजनं आली. लेकरामागून लेकरू बसलं. सगळी भरलेली, गुबगुबीत. एका आजीनं तर नातवाच्या कमरेला चांदीचा जाड करगोटा बांधून आणला होता.

"आजी, करगोटा काढा," नर्सबाई म्हणाल्या.

"काहून? तो बी त्याचाच हाय ना!"

सगळा मंडप हसला. मी नाही हसलो.

संध्याकाळी साहेब म्हणाले, "अंजनाबाई, गंमत पाहा. शेतवाल्याचं लेकरू अन् मजुराचं लेकरू सारखंच भरलं. म्हणजे इथं गरिबीचा वजनाशी संबंधच नाही. दूध कायले पायजे?"

"पण साहेब, मजुरांची निम्मी लेकरं आलीच नाहीत."

"मग आलेल्यांची सरासरी त्यांच्या नावापुढं टाका. एकाच गावची तं आहेत."

माझ्या साखळ्या हलल्या. वारा नव्हता. मजुराचं जे लेकरू कसंबसं चालायला लागलं तेच इथं आलं होतं. जे उभंही राहत नाही ते घरी, आणि त्याच्या नावापुढं या गुबगुबीत लेकरांचं वजन! पुन्हा वरची मूठ, पुन्हा अख्खी गाडी.

नर्सबाईंनी भागिरथाबाईला विचारलं, "मावशी, खरं सांगा. घरी कोणी राह्यलं काय?"

भागिरथाबाईनं गुळाकडं पाहिलं. "नाही बापा. देवीची कृपा हाय."

मला ठाऊक होतं. तिच्याच घरी तिची नात गंगू होती. दोन वर्षं उलटून गेली तरी पायावर उभी राहत नव्हती. आजीनं नवस बोलला होता, चालायला लागली की गुळानं तोलीन. नवस तसाच राहिला होता. दर शुक्रवारी ती माझ्या पारड्यावरून हात फिरवून डोळे पुसायची.

साहेब कागद गुंडाळू लागले. "केंद्र तिकडं मालेगावकडच्या गावाला देऊन टाकू."

तेव्हा भागिरथाबाई उठली. तिनं देवीपुढं डोकं टेकवलं आणि मला मंडपाच्या तुळईच्या आकड्यावरून काढलं.

पुजारी देवमन ओरडला, "अवो, देवीचा तराजू कुठं नेऊन राह्यल्या?"

"लेकरू चालत येत नाही, तं तराजू चालत जाईल. माय मले काही म्हणत नाही. तुमी म्हणा."

जड होतो मी. दुसरं टोक पंजाबराव साहेबांनी धरलं. वजनं नर्सबाईंनी उचलली.

दारात सून वच्छला आडवी उभी राहिली. "आत्याबाई, हे काय? ती चालत नाही अजून. नवस कसा फेडता?"

"फेडाले नाही वं. नुसतं तोलाले. लपवून लपवून आपणच तिचं दूध घालवून राह्यलो."

वच्छला नर्सबाईंकडं बघत राहिली. "सुई तं नाही ना टोचणार?"

"माझ्या पिशवीत पाहून घे," नर्सबाईंनी पिशवीच पुढं केली.

तिनं खरंच पाहिली. मग गंगूला माझ्या पारड्यात ठेवलं. मी कापसानं भरलेली पोती पेलली होती, पण इतकं हलकं कधी काही पेललं नव्हतं. पारडं खाली जाईचना. नर्सबाई वजनं उतरवत गेल्या, उतरवत गेल्या. वच्छलानं तोंड फिरवलं.

शेजारची दारं हळूहळू उघडली. आधी फट, मग डोळा, मग कडेवर लेकरू. टोकाच्या पुंजाजीनं मात्र दार उघडलंच नाही. साहेबांनी त्याच्या लेकराच्या नावापुढची सरासरी खोडली आणि जागा रिकामी ठेवली. "माहीत नाही ते माहीत नाही," एवढंच म्हणाले.

केंद्र इथंच आलं.

पुढच्या जत्रेला वच्छलाचं बोट धरून गंगू आली. अडखळत, पण आपल्या पायांनी. पारड्यात बसली, आजीनं गूळ ठेवला, अजून ठेवला, आणि मंडपात जयजयकार झाला. माझ्या साखळ्यांनीही आवाज केला असेल.

आता दारांच्या चौकटींना आपटून माझ्या दांडीचे टवके उडालेत. देवमन म्हणतो, देवीचा तराजू भटक्या झाला. म्हणू दे. तुम्हाला एवढीच विनंती, समोर आलेल्यांवरून जे आले नाहीत त्यांचं ठरवू नका.

त्या दिवशी जयजयकारात भागिरथाबाई सामील झाली नाही. गूळ फोडता फोडता तिनं गर्दीवरून नजर फिरवली.

"पुंजाजीचं लेकरू दिसलं नाही," ती म्हणाली, आणि तिचा हात माझ्या आकड्याकडं गेला.