टाळ्या कुणाच्या होत्या

शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेले मासे खायला गेले आणि नको तिथे तोंड उघडलं. त्याचंच हे फळ.

निवडणुकीला उभा असलेला स्टॅनविक आला होता. गुळगुळीत गडी. माशांवर लिंबू पिळता पिळता ‘स्थलांतर कायद्यात सुधारणा’ नऊ वेळा म्हणाला. मी मोजलं. दहाव्यांदा माझं डोकं फिरलं.

“साहेब, सुधारणा म्हणजे नक्की काय करणार?”

“तुम्हीच सांगा ना बाई, तुमची काय अडचण आहे?”

मग मी उभी राहून सांगितलं. माझा नवरा वॉल्टर गेल्यापासून माझ्या दोनशे गाई एका मेक्सिकन गड्याच्या हातावर आहेत. अकरा वर्षं झाली. थंडी उणे तीस असो, धारा चुकवत नाही. टॅक्स भरतो, मुलगी इथल्याच शाळेत जाते. इथे राहायच्या परवान्याचा कागद मात्र एकही नाही. “असं किती दिवस चालायचं?”

“ऐकलंत?” स्टॅनविक गरजला. “म्हणूनच सुधारणा हवी!”

हॉल दणाणला. मी खुळी, सुखावले. त्याची मदतनीस वही घेऊन आली, तिला फार्मचं नाव, रस्ता, सगळं नीट लिहून दिलं.

डावीकडे पाद्रीबाईंचे डोळे भरले होते. “मिळतील गं त्याला कागद आता.”

उजवीकडे माझा शेजारी वेंडेल अजून टाळ्या पिटत होता. “बरं झालं बोललीस, लोर्ना. एकेकाला उचलून परत धाडलं पाहिजे. सुरुवात करायला हिंमत लागते.”

वहीत लिहून दिलेला पत्ता आठवला. बाहेर धावले, तर स्टॅनविकची गाडी निघून गेली होती.

होनोरिओला, माझ्या त्या गड्याला, सांगायला हवं होतं. शनिवार गेला, रविवार गेला. मी भित्री निघाले.

सोमवारी सकाळी गोठ्यात रेडिओ चालू होता. गाई शांत राहतात म्हणून तो लावतो. होनोरिओ सडांना यंत्र लावत होता आणि स्टॅनविकचा आवाज आला, “ब्रुकमन फार्म, काउंटी रोड एफ. तिथल्या बाईंनी मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं...” पाणी कुठलं आलं होतं, मेल्या!

होनोरिओचा हात थांबला. मग तो पुढच्या गाईकडे गेला.

“बाई, माझं नाव सांगितलंत?”

“नाही रे. फक्त फार्मचं.”

“म्हणजे पत्ता.”

दुपारी आमच्या फाट्यावर स्टॅनविकचे दोघे जण भलामोठा बोर्ड ठोकून गेले: ‘सुधारणा इथूनच!’ मी ओरडत पोचले तेव्हा एकजण गाडीतून हसला. “लोकांना जागा सापडायला हवी ना, बाई!”

मी खांब हलवू लागले. हलेना. मागून होनोरिओ फावडं घेऊन आला.

“सरका बाई. एकटीने निघायचा नाही तो.”

“तू आत जा. लेकीला, बायकोला घे आणि निघ. माझी गाडी ने.”

“संध्याकाळच्या धारा कोण काढणार?” असं म्हणून तो खणायलाच लागला. मला रडू आलं. चूक माझी होती, आणि घाम तो गाळत होता.

तेवढ्यात रस्त्यावर एक अनोळखी गाडी हळू झाली. आतल्या माणसाने बोर्ड वाचला, होनोरिओकडे पाहिलं आणि हसून हात केला. सवयीने होनोरिओनेही केला. शुक्रवारी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी हा कुठला, पाद्रीबाईंसारखा की वेंडेलसारखा, मला ओळखता येईना.

गाडी चौकापर्यंत गेली आणि तिथून परत आमच्याकडे वळली.