माउलीचा दगड

यंदाच्या येळवसला एकाच शिवारात दोन खोपी उभ्या राहिल्या. दोन्हींत अंतर दहा-बारा पावलांचं, आणि मधून सर्व्हेअरनं ओढलेली चुन्याची रेघ. या अमावास्येला कमलनगरच्या आसपासची गावं घरांना कड्या घालून रानात येतात, कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडतात आणि भज्जी-आंबील खाऊन तिथंच लवंडतात. उद्धवराव आणि हरिओम या सख्ख्या भावांची पोडी, म्हणजे रानाची मोजून वाटणी, होऊन चारच दिवस झाले होते. रान वाटलं, बोअरचं पाणी वाटलं, पण पांडव वाटायचे कसे, हे काही सर्व्हेअरनं सांगितलं नव्हतं. म्हणून दोघांनी पाच-पाच मांडले.

त्यांची आत्या कमलबाई उदगीरहून आली होती. वय सत्तरच्या पुढं. तिनं दोन्ही खोपी बघितल्या, घोंगडं मागितलं आणि बरोबर चुन्याच्या रेघेवर अंथरून बसली. भज्जी दोन्हीकडची घेतली. नावंही दोन्हीकडच्या भज्जीला ठेवली.

उद्धवराव मात्र बूड टेकायला तयार नव्हता. दोन घास खाल्ले की उठायचा. बांधावर जाऊन आला, मोटर बघून आला, गोठ्यात डोकावून आला. बैल विकून सहा वर्षं झाली होती.

"बस की गा एका जागी," कमलबाई म्हणाली. "मुंग्या चावायल्यात का?"

मुंग्या नव्हत्या, दगड होता. बांधावर गुडघ्याएवढा, शेंदूर फासलेला. या दगडाखाली माउली आहे असं घरातलं प्रत्येक पोर चालायला लागायच्या आधी शिकायचं. माउली म्हणजे उद्धवरावचा चुलता, कमलबाईचा भाऊ. एकोणिसाव्या वर्षी तीन दिवसांच्या तापानं गेला. बिनलग्नाचा, म्हणून जाळला नाही. रानातच मातीला दिला. त्यानंतर दहा महिन्यांनी उद्धवराव जन्मला, आणि बाळाचं कपाळ बघून कमलबाईनंच जाहीर केलं, माउली परत आला.

तेव्हापासून माउली उद्धवरावच्या मागं लागला तो लागलाच. दर येळवसला त्याच्या गोष्टी निघायच्या. माउलीनं भालकीच्या बाजारात पैजेवर बत्तीस केळी खाल्ली आणि वर चालत गाव गाठलं. उद्धवरावच्या लहानपणी ती बत्तीस होती, आता साठाच्या घरात गेली होती. माउलीनं सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यांना आडाचं पाणी शेंदायला लावलं आणि स्वतः पोहायला गेला. उद्धवरावला दोन केळ्यांनी पित्त होतं, आणि पाण्यात तो गुडघ्यापर्यंतच उतरतो. चौपन्न वर्षं त्यानं हे ऐकून घेतलं. कारण काही झालं तरी माउली परत आला तो त्याच्याच रूपानं, हरिओमच्या नव्हे. एवढी एकच गोष्ट त्याला न मागता मिळाली होती. आणि सर्व्हेअरनं बांध हरिओमच्या वाट्याला टाकला. बांधाबरोबर माउलीही गेला.

हरिओमचं कमलनगरला सिमेंटचं दुकान. आंबील पिता पिता त्यानं सांगितलं की आता तो दगडाला ओटा बांधणार, वर टाइल्स लावणार, पुढं पाटी, मराठीत आणि कन्नडमध्ये. टाइल्स घरात पडूनच होत्या, न्हाणीघराच्या उरलेल्या.

उद्धवराव पुन्हा उठला. रेघेपर्यंत गेला, परत आला, आणि आत्यासमोर उकिडवा बसला.

"आत्या, माउलीकाका तिथं न्हाई."

"मग कुठं हाय?"

"माझ्या रानात. दगड मीच सरकवलाय."

मग त्यानं सगळं ओकून टाकलं. दगड मुळात रानात, पेरणीत आडवा यायचा. औत वळवताना दरवर्षी खोळंबा. एकदम हलवला तर गाव बोंबलणार, म्हणून वर्षाला ईतभर सरकवायचा. ईतभर कुणाच्या ध्यानात येत नाही. तीस वर्षं झाली, तेव्हा कुठं दगड बांधावर चढला. त्या दिवशी त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं.

हरिओमच्या हातातला आंबिलीचा तांब्या तसाच राहिला. "म्हंजी तीस वर्सं काकाच्या अंगावरनं औत फिरवलास, अण्णा? आन निवद बांधाला दाखवलास?"

"निवद मोठा ठिवत हुतो," उद्धवराव खाली बघत म्हणाला.

आता आत्या रडेल, नाहीतर शिव्या तरी देईल, अशी दोघांनी तयारी केली. कमलबाईनं बोटं पुसली, पदर सारखा केला.

"तुमचा बाप बी सरकवायचा," ती म्हणाली. "मी बघितलाव. कामून सरकवायलास इचारलं, तर म्हणला, माउलीला एका जागी करमत न्हाई."

दगड किती हलला त्याची पावलं उद्धवराव मनातल्या मनात मोजू लागला. त्याची दहा, बापाची कोण जाणे किती.

"मग काका हाय तरी कुठं?" हरिओमनं विचारलं.

कमलबाई गुडघ्यावर हात रोवून उठली आणि उद्धवरावच्या ज्वारीत शिरली. ज्वारी तिच्या खांद्याला लागत होती. मागून दोघं भाऊ. ती चालत राहिली. उद्धवरावची दहा पावलं कधीच संपली, बापाची वीस धरली तरी ती संपली, ही आपली चाललीच. मग एका ठिकाणी तिचा गुडघा कटकन वाजला. तिनं ज्वारीचं एक ताट धरलं आणि थांबली.

"हितं."

ती जमिनीकडं बघत नव्हती. पूर्वी जिथं लिंब होता तिकडं बघत होती, आणि लिंब तोडून वीस वर्षं झाली होती. हे उद्धवरावनं पाहिलं. तिला ठाऊक नाही, हे त्याला लख्ख कळलं.

"नक्की?" हरिओम म्हणाला.

"हितंच," उद्धवराव म्हणाला, मातीला स्वतः हजर असल्यासारखा.

हरिओमनं मान डोलावली. एक माउलीची बहीण, दुसरा तर खुद्द परत आलेला माउलीच. नाही कुणाला म्हणणार?

उद्धवरावनं विळा आणला आणि हुरड्याला आलेली ज्वारी आडवी पाडायला घेतली. एक सरी, दोन सऱ्या, चांगली बाजेएवढी जागा मोकळी झाली. आता इथून पुढं दर पेरणीला ट्रॅक्टर या जागेला वळसा घालणार, ड्रायव्हर शिव्या देणार, आणि त्या उद्धवरावला ऐकाव्या लागणार. तरी तो कापतच राहिला. मग दगड आणायला गेला. एकट्याला तो पेलेना. हरिओमनं दुसरं टोक धरलं. चुन्याच्या रेघेवरून येताना दोघांच्या पायांनी ती पुसली गेली. कुणी थांबलं नाही.

दगड रोवायला घेतलेला खड्डा हातभर झाला तेव्हा उद्धवरावनं टिकाव ठेवला आणि घाम पुसला. कमलबाई वाकली, आत बघून घेतलं.

"अजून खोल," ती म्हणाली. "माझ्या म्हायेरच्या माणसांचा मला भरवसा न्हाई."