मांडीवरचे निळे डाग

तलावाच्या सगळ्यात वरच्या फळीवरून डोकं खाली करून उडी मारणारी पोहण्याची कोच सुईला घाबरते, हे कोणाला सांगून खरं वाटलं नसतं, म्हणून तिने ते कोणाला सांगितलंच नव्हतं. माहीत होतं ते फक्त तिच्या नवऱ्याला. रोज सकाळी तो फ्रीजमधला लोण्याचा डबा बाजूला सारून इंजेक्शनचं पेन काढायचा आणि ती खुर्चीत बसून, भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "टोच एकदाचं."

त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत असले स्क्रू तो काडीत बसवायचा आणि तेव्हा त्याचा हात जरा म्हणून हलायचा नाही. बायकोच्या अंगाजवळ आला की मात्र तोच हात लटपटायला लागायचा. सुई वाकडी जायची आणि डाग पडायचा. पोटावर जागा उरली नाही म्हणून मांड्या धरल्या, तर आता त्याही निळ्या-हिरव्या झाल्या होत्या. "तुझ्यापेक्षा कसाई बरा," ती म्हणायची. तो सॉरी म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मूल हवं होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी. हे वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांनी त्या जरा वेळ तशाच धरून ठेवाव्यात, पुढे उपयोगी पडतील.

इतका उशीर का केला, असं विचारायची लोकांना फार हौस. तिने उशीर केला नव्हता, तिला उशीर झाला होता. विशी-तिशी स्पर्धांत गेली, पुढची वर्षं आईच्या आजारपणात गेली, आणि हा चष्मेवाला भेटला तोवर चाळिशी दारात येऊन उभी होती. त्याच्या आधी कोणाचं मूल व्हावंसं वाटलं नव्हतं, एवढंच. टेस्ट-ट्यूबच्या पहिल्या खेपेला डॉक्टरांच्या हाती एकही बीज लागलं नाही. दुसऱ्या खेपेला गर्भ राहिला आणि दीड महिन्यात गेला. तेव्हा घरच्यांना सांगितलं होतं. झालं, सगळं गणगोत भेटायला लोटलं. नणंद तर दारातूनच रडत आली आणि चहा संपवून, कप खाली ठेवताना म्हणाली, "आता पुरे कर, वहिनी. या वयात लोकांना नातवंडं होतात." भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली. त्या दिवशी कोचने कानाला खडा लावला आणि नवऱ्याकडून शब्द घेतला की, तिसऱ्या खेपेचं कोणाला म्हणजे कोणालाही कळता कामा नये.

नवऱ्यानेही तिच्याकडून एक शब्द घेतला होता. ही खेप शेवटची. डॉक्टरीणबाईंनी काही हातचं राखलं नव्हतं. स्वतःच्या बीजाने या वयात शंभरात दोघी-तिघींना जमतं, दुसऱ्या तरुण बाईचं बीज घेतलं तर कितीतरी जास्त जणींना. "आधी माझं तर संपू दे," कोच म्हणाली होती.

क्लबच्या तलावावर सकाळची शेवटची बॅच साठीच्या पुढच्या बायकांची असायची. क्लबात सगळे त्यांना 'बदकं' म्हणत आणि बदकांना ते माहीत होतं. बदकांच्या पुढारी हेडबाई. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. पाण्यालासुद्धा हाताची घडी घालून बसवतील असा दरारा, पण खोल पाण्यात कठडा सोडायचं नाव नाही. त्यांच्या मागे दोन जावा, थोरली आणि धाकटी. घरच्या जुन्या भांडणामुळे या दोघी जमिनीवर एकमेकींशी बोलत नसत. पाण्यात मात्र शेजारी शेजारी लटकून तासभर कुजबुजत.

डाग पडल्यापासून कोच काठावर कमरेला टॉवेल गुंडाळूनच वावरायची. एक दिवस कपडे बदलायच्या खोलीत तो घसरला आणि हेडबाईंना मांड्या दिसल्या.

"हे काय गं?"

"काही नाही, बाई. घरात टेबलाला लागलं."

"दोन्ही मांड्यांना?"

"मोठं टेबल आहे."

उभा जन्म पोरांच्या थापा ऐकण्यात घालवलेली बाई ती. त्यांनी नजर ठेवली. आणि नजर ठेवल्यावर दिसायचं ते दिसलंच. कोचचा चेहरा सुजलेला. फोन आला की ती कोपऱ्यात जाऊन हळू बोलते. थोरलीचा पाय नीट पडेना तर तिच्यावर खेकसली काय, आणि मग शिट्टी तोंडात धरून रडली काय. औषधांनी जीव मेटाकुटीला आला की असंच होतं, पण औषधांचं कोणाला माहीत होतं? उथळ पाण्यात, कठड्याला धरून, सभा भरली आणि ठराव एकमताने पास झाला. नवरा मारतो.

त्याच आठवड्यात सोनोग्राफीत बीजं दिसली ती दोनच. हवं तर इथेच थांबू, उगाच शरीराला त्रास नको, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना नवरा म्हणाला, "थांबूया का? माझा हात चालत नाही आता. तुझ्या अंगावर टोचायला जागा उरली नाही."

"अंग माझं आहे."

"डाग मी पाडलेत."

"तू दमला असशील तर दमलो म्हण. माझ्या मांड्यांच्या नावावर खपवू नकोस."

तो उरलेल्या पायऱ्या एकटाच उतरला. घर येईपर्यंत दोन पावलं पुढेच चालत होता. तिला वाटलं, सुटला हा हातातून. दोघंच तर होते या कामात, त्यातला एक निघाला. राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती, तीही तिला कळली.

दोन दिवसांनी ती तलावावर आली तर बॅच कोरडी. पोहायचे पोशाख पिशव्यांतच, आणि सगळ्या जणी नेहमीच्या कपड्यांत बाकावर ओळीने बसलेल्या.

"बस," हेडबाई म्हणाल्या. "काल आम्ही तुझ्या नवऱ्याच्या दुकानात गेलो होतो."

"चष्मे करायला?"

"आधी डोळे तपासून घेतले, म्हणजे त्याला पळता येऊ नये. समोरची पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली आणि मग विचारलं, कोचच्या मांड्यांवर डाग कोणी पाडले?"

कोच बाकाच्या टोकाला टेकली. "मग?"

"पांढराफटक पडला. म्हटलं, टेबलाचं सांगू नकोस, ते ऐकून झालंय. तर म्हणाला, 'मीच पाडलेत.' का, म्हटलं. तर मूग गिळून गप्प."

"मी त्याला नाही नाही ते बोलले," धाकटी म्हणाली. "जनावर म्हणाले. मान खाली घालून ऐकत होता आणि हातातली काच पुसत होता."

"दुकानात गिऱ्हाइकं होती?"

"भरपूर," थोरली समाधानाने म्हणाली.

"तर आता तू माझ्याकडे राहायला यायचंस," हेडबाईंनी निकाल दिला. "खोली रिकामी करून ठेवलीय."

कोचला आधी हसू आलं. मग ते तोंडातच राहिलं. काल संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तिने तुटकपणे विचारलं होतं, धंदा कसा झाला? तो म्हणाला होता, "बऱ्यापैकी." आणि आज सकाळी पुन्हा लोण्याचा डबा बाजूला सारून पेन काढलं होतं. बायकोला इंजेक्शनं चालू आहेत, एवढं एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. पण शब्द दिला होता, म्हणून गड्याने भर दुकानात स्वतःला जनावर म्हणवून घेतलं. आणि ती म्हणत होती, हा हातातून सुटला.

ती बाकासमोर उभी राहिली. "डाग सुईचे आहेत," ती म्हणाली. "मला मूल हवंय, त्याची इंजेक्शनं आहेत. तो देतो, कारण मला सुईची भीती वाटते. त्याचा हात थरथरतो, कारण त्याला मला दुखवायची भीती वाटते. त्याला पुन्हा कोणी जनावर म्हटलं तर मी तिला कपड्यांसकट खोल पाण्यात ढकलीन."

तलावाच्या त्या उंच छपराखाली कुजबुजसुद्धा घुमते. हे तर तिने कवायतीच्या आवाजात सांगितलं. पलीकडे फरशी पुसणारी बाईसुद्धा थांबली.

"या वयात?" धाकटीच्या तोंडून निघून गेलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. भुवया वर धरून ठेवलेल्यांनी आता त्या खाली घ्यायला हरकत नाही, तुमच्या वतीने विचारून झालं.

"हो, या वयात," कोच म्हणाली. "आधीच्या वयात जमलं नाही म्हणून या वयात. आणि पुढच्या वयात जमणार नाही म्हणून या वयात."

धाकटीने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. हेडबाईंनी विचारलं, "शक्यता किती?"

"शंभरात दोन-तीन."

"एवढ्या मार्कांना मी आजवर कोणाला पास केलं नाही."

"पास करा असं कुठे म्हणतेय, बाई? परीक्षेला बसू द्या."

हेडबाईंनी पिशवीतून पोहायचा पोशाख बाहेर काढला. मग उठल्या. "चला गं. आधी पाण्यात, नंतर दुकानात. माफी मागायची आणि प्रत्येकीने एकेक चष्मा करायचा."

"मला नंबर नाहीये," थोरली म्हणाली.

"लागेल."

दुपारी दुकान बंद करायच्या वेळेला कोच तिथे गेली. काचेच्या कपाटावर नव्या ऑर्डरींची चळत होती आणि तो त्यामागे गोंधळून बसला होता.

"सांगितलं का नाहीस त्यांना?"

"तू सांगू नको म्हणाली होतीस."

"जनावर म्हणाली ती तुला."

"दोनदा."

ती स्टुलावर बसली. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून दोन्ही थोडं थोडं केलं. मग विचारलं, "दमलास ना?"

"दमलोय," तो म्हणाला. "पण उद्याचं औषध आणून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भिंतीकडे तोंड केलं नाही. त्याच्या हाताकडे बघत बसली. हात थरथरला, सुई वाकडी गेली, डाग पडला. कसायाची आठवण तिने काढली नाही.

दोन बीजांतून एक गर्भ तयार झाला, तो आत ठेवला गेला. आता पाण्यात उतरायला बंदी. ती ट्रॅकसूट घालून खोल बाजूला खुर्ची टाकून बसायची आणि तिथूनच शिट्टी फुंकायची. आता लपवाछपवी नव्हती. कोणी विचारलं तर सांगायची, "होणार." कोणी नाही विचारलं तरी सांगायची. नणंदेलाही तिने फोन करून सांगितलं. नणंद म्हणाली, "अगं, पण..." कोच म्हणाली, "पण नाही," आणि फोन ठेवला.

गर्भ राहिला की नाही, त्या रिपोर्टचा फोन नवऱ्याच्या नंबरवर येणार होता. बदकांच्या वेळेत पुरुषांना आत सोडत नाहीत, पण त्या दिवशी त्याला कोणी अडवलं नाही. बूट हातात धरून, नुसत्या मोज्यांनी, ओल्या फरशीवरून तो चालत आला. त्याचा चेहरा दिसला तशी पाण्यातली हालचाल थांबली.

"नाही," तो म्हणाला.

कोच खुर्चीतच बसून राहिली. तिला वाटलं होतं त्याहून पुष्कळ जास्त लागलं. शंभरातल्या दोन-तिघींत आपण असणारच, असं ती सगळ्यांना सांगत होती, आणि सांगता सांगता तिचाही त्यावर विश्वास बसला होता. कोणी 'पुढच्या वेळी' म्हणालं नाही, कोणी 'जाऊ दे' म्हणालं नाही. एवढं शहाणपण बदकांना आलं होतं.

मग ती उठली आणि ट्रॅकसूटची चेन खाली ओढली. आत पोहण्याचा पोशाख होता. होणार, होणार म्हणत हिंडणारी बाई 'नाही'चीही तयारी ठेवून सकाळी घरून आत पोशाख घालून निघाली होती. ते पाहून हेडबाईंनी तोंड फिरवलं. धाकटीने थोरलीचा हात धरला.

मांड्यांवरचे डाग आता पिवळे पडत आले होते. ते झाकायला तिने टॉवेल घेतला नाही. शिडी चढून सगळ्यात वरच्या फळीवर गेली, टोकाशी थोडी थांबली आणि डोकं खाली करून उडी मारली. बराच वेळ वर आली नाही. आली ती थेट नवऱ्याच्या मोज्यांसमोर, कठड्याला हात टाकून. डोळे लाल होते आणि ते पाण्याने झाले असं भासवायचा तिने प्रयत्न केला नाही.

"डॉक्टरीणबाईंना सांग," ती म्हणाली. "माझी बीजं संपली. मी नाही संपले. दुसरीचं बीज घ्यायचं म्हटलं तर कधी बोलावतात ते विचार."

शेवटची खेप म्हणून शब्द घेतलेला तो माणूस बूट बाजूला ठेवून ओल्या फरशीवर उकिडवा बसला.

"विचारूनच आलोय," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात या म्हणाल्यात."