लेकीच्या घरचं पाणी

कॅनडा म्हणजे बर्फ आणि तळी, अशी जोतीरामांची पक्की समजूत. म्हणून कोरडवाहू कळस गावाहून आलेल्या या गृहस्थांनी लेक-जावयाबरोबरच्या दिवसभराच्या सहलीला पाण्याची एकच बाटली घेतली, तीही पुतण्याच्या, सौरभच्या घरून भरून. उतरलेही ते त्याच्याकडेच. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा रिवाज त्यांनी सातासमुद्रापार आणला होता.

राजनंदिनीला त्याची चीड यायची. बाप आपल्या बाटलीतून घोट घेणार आणि नवरा गालातल्या गालात हसणार! पण आता बापाची, आबांची, गरज तिलाच होती. तिला आबांबरोबर परत जायचं होतं, कायमचं, आणि ते तोंडातून निघत नव्हतं.

व्हँकुवर मागं टाकून डोंगर ओलांडला आणि हिरवळ एकाएकी संपली. पलीकडच्या खोऱ्यात नुसते पिवळे उघडे माळ, खुरटी झुडपं आणि धूळ. खाली नदी वाहत होती, तरी काठचं गवत करपलेलं. जोतीराम काच खाली करून बघतच राहिले.

"मामा, तुमचं कळस आलं!" जावई शंभूराज स्टिअरिंगवर थाप मारून हसला. तो बावड्याचा, घरी बारमाही पाणी आणि ऊस. "सगळी जिरायत. कितीबी पेरा, उगवायचं नाव न्हाय. व्हय गं?"

ही जिरायत कोण, ते गाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. मित्रांसमोर, आईशी फोनवर, तो बायकोला हेच म्हणायचा. दोघांची तपासणी करू, असं ती म्हणाली की हात उगारायचा. आबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. जावयाला उलटून बोलायचं नसतं ना!

मग शंभूराजला हौस आली. त्यानं गाडी कच्च्या रस्त्याला घातली नि टायर फुटला. स्टेपनीत हवा नव्हती. फोन करून मदतीची गाडी बोलावली, पण ती लांबून यायची होती. ऊन भाजून काढत होतं आणि सावलीला एक झाड नव्हतं. आबांची बाटली कधीच संपलेली. ओठ पांढरे पडले, तोल जायला लागला, तसे ते चाकाला टेकून खाली बसले.

राजनंदिनीनं घरून आणलेली शेवटची बाटली काढली.

"आबा, प्या."

"नगं."

"न्हाय प्यायचे ते," शंभूराज म्हणाला. "आधी नातू दे, मग पाणी दे."

तिचं डोकं सणकलं. ती आबांसमोर उकिडवी बसली.

"आबा, ते घर माझं न्हाय आता. हे मारत्यात मला. मी तुमच्यासंगं कळसला येणार हाय, कायमची. मग हे लेकीच्या घरचं पाणी कुठं राहिलं? नुसत्या लेकीचं हाय. घ्या."

शंभूराजचं हसू मावळलं. जोतीरामांनी बाटली घेतली, झाकण उघडलं. राजनंदिनीच्या जिवात जीव आला. बाटली ओठांपर्यंत गेली आणि तिथंच थांबली. बापाच्या डोळ्यांसमोर सगळी भावकी उभी राहिलेली तिला दिसली. त्यांनी झाकण पुन्हा लावलं, घट्ट पिळून, आणि बाटली जावयापुढं धरली.

"धरा, पाव्हणं." मग लेकीकडे न बघता म्हणाले, "पाणी तुझ्या घरचंच हाय, बाई. नांदायचं."

तिनं बाटली मधल्यामध्ये हिसकावली. झाकण फेकून दिलं आणि उभ्याउभ्या, दोघांच्या देखत, शेवटच्या थेंबापर्यंत एकटीनं पिऊन टाकली. आबांनी कोरडाच आवंढा गिळला. तिनं तो पाहिला, आणि तिला कणभरही वाईट वाटलं नाही.